व्हिडिओचा तास मराठीच्या बाईंना द्या

डिसेंबर 2020मध्ये आटपाडी तालुक्यातल्या एका मेंढपाळाचा माडग्याळी मेंढा देशभरच्या बातम्यांत झळकला. यात्रेत त्याला कुणीतरी 70 लाख रुपये देऊ केले आणि मालक दीड कोटीच्या खाली उतरायला तयार होईना. मेंढ्याचं नाव सर्जा. पण त्याचा रुबाब बघून लोकांनी त्याला थेट पंतप्रधानांचं नाव लावलं होतं. करोनाने वर्षभर माणसं घरात कोंडलेली, त्यात असली गंमतीची बातमी आली. ती मोबाइलवरून मोबाइलवर पळाली यात नवल नाही.

सगळ्यांच्या लक्षात राहिला तो आकडा. माडग्याळी जात म्हणजे काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून तिला हे नाव पडलं. उंच अंग, पांढऱ्या लोकरीवर तांबूस डाग, पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं नाक आणि झपाट्याने भरणारं अंग ही तिची ओळख. असल्या नराची किंमत त्याच्या मटणावर ठरत नाही, त्याच्यापासून होणाऱ्या पैदाशीवर ठरते. मग दीड कोटी हा मालकाचा हट्ट होता की हिशेब? त्याच्या घरच्या बाईमाणसांना या व्यवहाराबद्दल काय वाटत होतं? पाऊस लांबला की दोनशे मेंढरं घेऊन ही कुटुंबं कुठं जातात, तेव्हा पोरांच्या शाळेचं काय होतं? यातला एकेक प्रश्न म्हणजे दहा मिनिटांचा एकेक व्हिडिओ. ते काढायला मुंबईहून माणूस यायची गरज नव्हती. यात्रेत फिरणाऱ्या नववी-दहावीच्या पोरांच्या खिशात कॅमेरे होते, आणि त्यांनी ते वापरलेही असणार. त्यांना विचारायला कुणी शिकवलं नव्हतं, एवढंच.

हायस्कुलात व्हिडिओ शिकवावा का, हा वाद आता शिळा झाला आहे. पोरं शाळेला न विचारता तो शिकलेली आहेत. ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांची पाहणी ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने 2023मध्ये केली. त्यात दहातल्या नऊ घरांत स्मार्टफोन आढळला आणि तो चालवता येणाऱ्या दहापैकी नऊ जणांनी समाजमाध्यमं वापरल्याचं सांगितलं. प्रश्न उरतो तो शाळेत हे शिकवायचं कुणी आणि कुठल्या तासाला. आपल्याकडे विजेवर चालणारी कुठलीही वस्तू आली की ती संगणकाच्या सरांच्या ताब्यात जाते. माझं म्हणणं असं की ही वस्तू मराठीच्या बाईंकडे जायला हवी. आणि हे करून बघायला महाराष्ट्रात आटपाडीइतकी योग्य जागा दुसरी नाही.

याला कारण आहे. कॅमेरा या मुलखात फार आधीपासून येतो आहे. आटपाडी हा औंध संस्थानाचा भाग होता. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे म्हणून त्यांचं नाव जास्त ऐकू येतं, पण औंधला चित्रांचं मोठं संग्रहालय उभं केलं तेही त्यांनीच. त्यांनी मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअराच्या साथीने 1939मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. जन्मठेपेच्या कैद्यांनी भिंतीविना राहायचं, शेती करायची, बायकापोरांना जवळ ठेवायचं, असा तो प्रयोग. ही खुली वसाहत पुढे राज्याच्या तुरुंग खात्याकडे आली. याच कल्पनेवर शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी पटकथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. पुढच्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळालं. शेटफळे आटपाडी तालुक्यातच आहे. म्हणजे गोष्ट आटपाडीची, लिहिणारा आटपाडीचा, आणि चित्र पोचलं जर्मनीला.

गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश यांनी तर या मुलखाची माणसं कागदावर अशी उभी केली की त्यांच्या पुस्तकांतून थेट शूटिंगची यादी काढता येईल. ‘माणदेशी माणसं’ 1949चं. त्यातली माणसं कळतात ती त्यांच्या चालण्यातून, कपड्यातून, हातातल्या वस्तूतून आणि बोलण्याच्या ढबीतून. तो चांगला माणूस होता की वाईट, हे सांगायला लेखक मध्ये येत नाही. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढंच लिहायचं, ही शिस्त पटकथेची पहिली अट आहे. व्यंकटेश माडगूळकर उत्तम रेखाटनं करत, पुण्याच्या आकाशवाणीवर त्यांनी ग्रामीण कार्यक्रमांचं काम केलं आणि तारुण्यात काही काळ शाळामास्तरकीही केली. ‘बनगरवाडी’तला नायक असाच कोवळा मास्तर आहे. धनगरांच्या वाडीत तो अक्षरं शिकवायला जातो आणि लोकांच्या तक्रारी, अर्ज, भांडणं ऐकण्यातच त्याचा निम्मा दिवस जातो. अमोल पालेकरांनी 1995मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला, तेव्हा त्याची पटकथाही माडगूळकरांचीच होती. दलित जीवनाचा प्रत्यक्ष जगलेला वृत्तांत देणारे ‘तराळ-अंतराळ’कार शंकरराव खरात हेही आटपाडीचेच. एका तालुक्याने एवढे बघणारे डोळे दिल्यावर तिथल्या हायस्कुलाला व्हिडिओसाठी वेगळं पाठ्यपुस्तक छापून घ्यायची गरज पडू नये.

आता नुसत्या साहित्याच्या पुण्याईवर तास चालत नाही, त्यामुळे थोडं कामाचं बोलू.

आपल्या तालुक्यांच्या गावी शूटिंग शिकवणारी खरी शाळा म्हणजे लग्नाचा फोटो स्टुडिओ. नव्वदच्या दशकात पॅनासोनिकचा एम-नाइन-थाउजंड खांद्यावर घेतलेला माणूस मांडवात शिरला की वऱ्हाड त्याच्यासाठी वाट सोडायचं. त्याच्या मागे सनगनचा झगझगीत दिवा आणि वायरीचं वेटोळं धरून एक पोरगा पळायचा. तो पोरगा दोन-तीन हंगामांत कॅमेरा धरायला लागायचा, मग मिक्सिंग शिकायचा, मग स्वतःचा बोर्ड लावायचा. आज त्याच स्टुडिओत ड्रोन आणि प्री-वेडिंग आलं. शिकण्याची पद्धत मात्र तीच राहिली: बघा, धरा, चुका, शिव्या खा, शिका. हिला कमी लेखायचं कारण नाही. प्रकाश कुठून येतो, गर्दीत कुठं उभं राहायचं, अक्षता पडायच्या क्षणी बटण दाबलेलं असलंच पाहिजे, हे त्या माणसाइतकं कुणाला कळत नाही. हायस्कुलाने त्याला वर्षातून चार दिवस बोलवावं, मानधन द्यावं. फक्त त्याच्या कामात गिऱ्हाइकाला छान दाखवायचं असतं. शाळेला त्यापुढे जायचं आहे.

रीलची शाळा दुसरी. सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं आणि डेटा पाण्याच्या भावाने मिळू लागला. या दुष्काळी माणदेशात ही उपमा जरा जपूनच वापरायला हवी, पण असो. पुढे टिकटॉकने गावोगावी कलाकार उभे केले. 29 जून 2020ला त्यावर बंदी आली आणि काही महिन्यांतच ती सगळी गर्दी इन्स्टाग्रामच्या रील्सवर आणि यूट्यूबच्या शॉर्ट्सवर गेली. या शाळेने पोरांना एडिटिंगचा वेग दिला. आठवीतलं पोरगं काइनमास्टरवर तीन थर लावून गाणं बसवतं, फुकटची आवृत्ती म्हणून कोपऱ्यात कंपनीचा शिक्का तसाच राहतो आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. पण ही शाळा पहिल्या तीन सेकंदांत बघणाऱ्याला पकडायला शिकवते. समोरचा माणूस बोलता बोलता थांबला तर ती जागा कापून टाकायला शिकवते. म्हाताऱ्या मेंढपाळाच्या बोलण्यात ऐकण्यासारखं असतं ते नेमकं त्या थांबण्याच्या आसपास.

म्हणून मराठीचा तास. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन आहे, त्यात बातमी आहे, जाहिरात आहे, कथा आहे. बारावीच्या ‘युवकभारती’त मुलाखत हा स्वतंत्र घटक आहे. मुलाखतीची तयारी कशी करावी, प्रश्न कसे काढावेत, हे मुलं पाठ करतात आणि परीक्षेत लिहून गुण मिळवतात. मुलाखत घ्यावी मात्र कुणालाच लागत नाही. शनिवारच्या बाजारात उभं राहून शेळ्यांच्या दलालाला पाच प्रश्न विचारून यायचे आणि मोबाइलवर आणायचे, असा गृहपाठ एकदा देऊन बघा. रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो तो दलाल दाखवेल का, का दाखवणार नाही, नाही म्हणाला तर पुढे काय विचारायचं, हे कुठल्याही अपेक्षित प्रश्नसंचात सापडत नाही.

तंत्रात मुलं जिथं सपशेल आपटतात ती जागा म्हणजे आवाज. चित्र थोडं हललं तरी लोक चालवून घेतात. आवाज कळला नाही की बोट पुढच्या व्हिडिओवर जातं. माणदेशात झाडोरा कमी, माळ उघडा आणि वारा भरपूर. मोबाइलच्या माइकवर तो वारा पत्र्यावर पाऊस पडावा तसा वाजतो. त्यासाठी कॉलरला लावायचा वायरीचा माइक पुरतो. तोही नसेल तर दुसरा एक मोबाइल बोलणाऱ्याच्या खिशात आवाज रेकॉर्ड करत ठेवायचा. सुरुवातीला एक जोरदार टाळी वाजवायची आणि एडिटिंगला बसल्यावर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवायची. सिनेमाची क्लॅप म्हणजे तरी याहून वेगळं काय असतं? मुलाखत वाऱ्याकडे पाठ करून, भिंतीच्या किंवा गोठ्याच्या आडोशाला घ्यायची. पत्र्याच्या वर्गात घ्यायची नाही, तिथं आवाज घुमतो. निघायच्या आधी सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसता त्या जागेचा आवाज भरून घ्यायचा. दोन वाक्यांमधला तुकडा कापला की तिथं आवाजाला भोक पडतं, ते या अर्ध्या मिनिटाने बुजवता येतं. वर्गातलं सर्वांत वळवळं पोरगंही हा अर्धा मिनिट गप्प बसतं, कारण त्याला काम मिळालेलं असतं.

ऐकण्याची ही परंपरा शेजारीच आहे. आटपाडीला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला, ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र 2008 पासून चालतं. तिथं गावातलीच माणसं माइकवर बोलतात. व्हिडिओच्या तासाची पहिली सहल मी मुंबईच्या फिल्मसिटीऐवजी तिथं नेईन.

उरलेलं तंत्र थोडक्यात. अकरा ते चारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा सकाळी किंवा ऊन कलल्यावर काढावं, नाहीतर लिंबाच्या सावलीत. मोबाइल आडवा, विमान मोडवर, जागा रिकामी करून ठेवलेला. एक दृश्य निदान दहा सेकंद न हलता धरायचं. झूम करायचं नाही, पायांनी पुढे जायचं. हात दाखवावेत. लोकर कातरणारे, डाळिंबाची छाटणी करणारे, भाकरी थापणारे हात दाखवले की बोलणाऱ्याची वाक्यं कुठंही कापून जोडता येतात. एवढं जमलं की चांगला पाच मिनिटांचा माहितीपट होतो.

खरं अवघड आहे ते परवानगीचं प्रकरण. इथं शाळांनी डोळे उघडे ठेवायला हवेत. 2023च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी साध्या माणुसकीने विचार करा. मुलीचा चेहरा तिच्या आईबापांना न विचारता शाळेच्या चॅनेलवर गेला आणि खाली कुणी घाणेरडं लिहिलं, तर शाळा बंद होते ती त्या मुलीची. ‘असर’च्याच पाहणीत स्मार्टफोन चालवता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे 44 टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी जेमतेम 20 टक्क्यांकडे. वर्गात ‘आपापले मोबाइल आणा’ म्हटलं की मुलगे शूटिंग करतात आणि मुली स्टँड धरतात. त्यामुळे फोन शाळेचे हवेत, चार असले तरी चालतील. कॅमेरा धरायची पाळी हजेरीच्या क्रमाने लावावी. आणि यूट्यूबवर टाकायची घाई करू नये.

टाकायचं नाही तर काढायचं कशाला, असं पोरं विचारणारच. त्याचं उत्तर कॅनडातल्या फोगो बेटावर आहे. न्यूफाउंडलंडच्या या बेटावरची मासेमारी बसली होती आणि सरकार लोकांना उठवून दुसरीकडे हलवायच्या विचारात होतं. 1967मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो तिथं गेले. त्यांनी लोकांच्या बोलण्याच्या छोट्या फिल्मा केल्या आणि त्या आधी बेटावरच्याच लोकांना दाखवल्या. एका टोकाच्या कोळ्याला दुसऱ्या टोकाच्या कोळ्याचं म्हणणं पडद्यावर पहिल्यांदा नीट ऐकू आलं. नंतर त्या सरकारी अधिकाऱ्यांना दाखवल्या. बेटावर कोळ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि लोक बेटावरच राहिले. आपल्याकडे 1984मध्ये अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला, तेव्हाही त्यांचे व्हिडिओ त्यांच्यासारख्याच बायकांना दाखवण्यासाठी होते. आटपाडीच्या हायस्कुलाने हाच रिवाज पाळावा. ज्याच्यावर व्हिडिओ काढला त्याच्या वस्तीवर, समाजमंदिराच्या भिंतीवर पहिला खेळ. त्याने ‘हे काढून टाका’ म्हटलं तर काढून टाकायचं. मग बाकीच्यांना.

सरकार काय करतं? सरकारने पूर्वी बरंच केलं होतं. 1984मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि शाळेतल्या मुलांसाठी दूरदर्शनवर कार्यक्रम येऊ लागले. 2017मध्ये ती बंद पडली. तीनच वर्षांनी करोना आला, शाळांना कुलपं लागली आणि पडद्यावरून शिकवायचं कसं याची शोधाशोध सुरू झाली. 20 जुलै 2020पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका आली, तिने गावाकडच्या घरांना आधार दिला. ती एका ज्ञान प्रतिष्ठानाने बनवलेली होती. जी संस्था नेमकी यासाठी होती ती तोवर इतिहासजमा झाली होती. अलीकडे राज्याने शिक्षकांसाठी शैक्षणिक व्हिडिओ निर्मितीची स्पर्धा घेतली, ती चांगलीच गोष्ट आहे. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून व्हिडिओ मुलांच्या हातात पोचवले आणि 2020चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, तोही याच वाटेवर. पण या सगळ्यात मूल बघणारंच राहतं. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. हायस्कुलाने ते दहा दिवस इथं लावले तर वेगळा निधी मागायला मंत्रालयात जावं लागणार नाही.

वर्गातल्या कामातून खरंच काही निघतं का, अशी शंका असणाऱ्यांसाठी एकच उदाहरण. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकत होते. तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेत जायची ओढ लागलेल्या पोराची ती गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत गेली. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ त्यानंतरचे. ‘ख्वाडा’ करणारे भाऊराव कऱ्हाडेही त्याच महाविद्यालयातले. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगराची ती गोष्ट आटपाडीच्या पोरांना समजावून सांगावी लागणार नाही. जेऊरही दुष्काळी, आटपाडीही दुष्काळी. फरक एवढाच की मंजुळेंना कॅमेरा पदव्युत्तर वर्गात भेटला. आटपाडीतली बहुतेक मुलं तिथवर पोचत नाहीत. दहावी-बारावी झाली की बरीचशी गलाईवर जातात.

आणि गलाई हाच या तासाचा सर्वांत मोठा विषय आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात केरळपासून दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत. कुठल्याही शहराच्या सराफकट्ट्यात मागच्या गल्लीत डोकवा, भट्टीपाशी माणदेशी बोली ऐकू येईल. आजोबा कुठल्या दुष्काळात गेले, पहिली भट्टी कुणाच्या ओट्यावर लावली, ॲसिडच्या धुराने छातीचं काय झालं, गावी बांधलेल्या मोठ्या घरात वर्षातले अकरा महिने कोण राहतं, हे सगळं अजून लोकांच्या तोंडी आहे. तसंच पाण्याचं. कृष्णेचं पाणी टेंभू योजनेतून उपसून या माळावर आलं, त्याआधी 1993पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषदा होत होत्या. पाणी सगळ्यांना सारखं मिळावं, हा आग्रह तिथला. त्या परिषदांना बैलगाडीतून, ट्रकमधून गेलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीची आहेत. यांचं बोलणं भरून घ्यायला माहितीपटवाले येतील तेव्हा येतील.

दिवाळीला गलाईवाले गावी येतात. पाठोपाठ कार्तिकात आटपाडीच्या उत्तरेश्वराची यात्रा भरते, मेंढरांचा बाजार भरतो.  तुमच्या घरात स्क्रीनला तडा गेलेला, पण कॅमेरा शाबूत असलेला मोबाइल पडून असेल तर तो फॉरमॅट करा, सोबत दोनेकशे रुपयांचा कॉलर माइक घ्या आणि गावच्या हायस्कुलात नेऊन द्या. मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवू देऊ नका. मराठीच्या बाईंचं नाव विचारा आणि त्यांच्याच हातात द्या.